घंटेच्या टप्प्यातला ओढा

रेजिना स्लोविकला ओढा पावलांत पाठ होता. मागच्या पायरीपासून कुंपणापर्यंत चाळीस पावलं, तिथून उताराने पाण्यापर्यंत साठ, आणि मग काठाकाठाने खाली पडक्या पुलाच्या खांबापर्यंत दोनशे दहा. खांबाच्या पुढे घंटा ऐकू येत नसे. हिवाळ्यात मेपलची झाडं बोडकी झाली की आणखी नव्वदेक पावलं पदरात पडत, पण तेव्हा दगड गोठून एकमेकांना चिकटलेले असत. आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळून ओढा भरून वाहू लागला की पाण्याच्या गर्जनेत कुंपणाजवळसुद्धा काही कळत नसे. वर्षातल्या ज्या दिवसांत काठ धुऊन निघत आणि नवे थर उघडे पडत, नेमक्या त्याच दिवसांत ती मागच्या दारात उभी राहून नुसता पाण्याचा आवाज ऐकत असे.

घंटा नवऱ्याच्या हातात असे. त्याचं नाव स्टॅन्ली, पण घरात, चर्चमध्ये, गावातल्या सगळ्या पोलिश घरांत तो स्टाश होता, आणि रेजिना रेनिया. मालगाड्यांच्या यार्डात डबे जोडण्या-सोडण्याचं काम करी. १९५४ सालच्या ऑक्टोबरात, एका रविवारच्या पाळीत, तो दोन डब्यांच्या मध्ये सापडला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता आणि रेजिना अठ्ठावीसची. मूलबाळ नव्हतं. इस्पितळातून त्याला घरी आणलं त्या दिवशी त्याची मोठी बहीण क्लारा हिने माळ्यावरून आईच्या वेळची, गाईच्या गळ्यातली पितळी घंटा शोधून काढली, पदराला पुसावी तशी ॲप्रनला पुसली आणि भावाच्या मांडीवर ठेवली. हाका मारून घसा कशाला सुकवतोस, असं ती म्हणाली. क्लारा विधवा होती, दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दर गुरुवारी दोन ते चार भावाजवळ बसायला यायची. तेवढ्या वेळात रेजिनाने दुकान, डाकघर आणि चर्च उरकायचं.

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती, निदान रेजिनाची तशी समजूत होती. स्टाशला अपघात झाला तो रविवार. त्यानंतरच्या मंगळवारी ती घर सोडून जाणार होती. क्लीव्हलंडला तिची मावसबहीण हेलेन शिवणकामाचं दुकान चालवी. तिने ये म्हटलं होतं. बसचं तिकीट काढून झालं होतं. स्टाशने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. कॉफी गार असली तर तो शब्दही न बोलता कप फरशीवर उपडा करी आणि ती पुसून होईपर्यंत बघत बसे. चर्चमधून यायला उशीर झाला तर दाराला आतून कडी असे, आणि खिडकीत बसून तो वर्तमानपत्र वाचत असे. सात वर्षं हे असं चाललं होतं. मंगळवारची बस सुटली तेव्हा रेजिना इस्पितळात त्याच्या उशाशी बसलेली होती. बुधवारी घरी येऊन तिने ते तिकीट चुलीत टाकलं. अशा माणसाला टाकून जाणारी बाई व्हायचं धैर्य तिच्यात नव्हतं, आणि गावाने तर तिला त्याच आठवड्यात सती-सावित्री करून टाकलं होतं.

घंटा पाण्यासाठी वाजे. भांड्यासाठी वाजे. रेडिओ मोठा कर, लहान कर, माशी हाकल, पडदा सरकव. कधी ती धावत येऊन दारात उभी राही आणि तो म्हणे, "काही नाही. असंच." गाईच्या गळ्यात घंटा बांधतात ती गाय हरवू नये म्हणून. इथे घंटा एकाच्या हातात आणि दावं दुसरीच्या गळ्यात.

दुपारी दोन ते चार स्टाश झोपे. ते दोन तास तिचे, पण घंटेच्या टप्प्यात. दुसऱ्या वर्षी, १९५६च्या जूनमध्ये, ती ओढ्यावर गेली ती काही शोधायला नव्हे, घरात रडता येत नव्हतं म्हणून. ओढ्याच्या काठाला शेलचे थर आहेत. शेल म्हणजे जुन्या समुद्राचा चिखल दाबून झालेला मऊ करडा दगड, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणारा. ती बसल्या जागी केसातल्या आकड्याने एकेक पापुद्रा सोडवत राहिली. तेवढ्यात एक काळी गोळी घरंगळत तिच्या मांडीवर आली. हेझलनटएवढी. डबक्याकाठचा किडा अंग गोळा करून बसतो तशी वळलेली, अंगावर बरगड्यांच्या ओळी, आणि पुढे दोन डोळे. डोळ्यांत खसखशीएवढे मणी रांगेने बसवलेले. कुणीतरी कोरून काढलंय, असं तिला आधी वाटलं. मग दुसरी सापडली.

तिने ती स्टाशला दाखवली. त्याने तळहातावर घेऊन पाहिली, म्हणाला, "दगड आहे," आणि परत दिली.

एक आड एक बुधवारी गावात वाचनालयाची मोटार येई. तिथल्या बाईंनी रेजिनाला एक जाडसर पुस्तक दिलं, आणि ते तिने मुदत वाढवून वाढवून अकरा महिने ठेवलं. त्यात त्या वळलेल्या किड्याचं नाव मिळालं, ट्रायलोबाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी मरून दगड झालेला समुद्रातला प्राणी. पण बाकीच्या सापडलेल्या गोष्टी चित्रांशी जुळता जुळेनात. मोटारीतल्या बाईंनी मग एका मंडळाचा पत्ता काढून दिला. साठ मैलांवरच्या शहरात जीवाश्म गोळा करणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ होतं, महिन्यातून एकदा संध्याकाळी भरायचं. जाणं शक्य नव्हतं. तिने चिटणिसांना पत्र लिहिलं.

चिटणीस होते हार्लन टीग, घड्याळं दुरुस्त करणारे. हिरव्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत त्यांचं उत्तर आलं. तिने विचारलं होतं, सोबत पाठवलेल्या तुकड्याचं नाव काय? टीगनी नाव सांगितलंच नाही. त्यांनी लिहिलं, "मिसेस स्लोविक, नाव शेवटी. आधी मोजा. शिंपल्याच्या दोन झाकणांपैकी मोठं कोणतं? मधोमध खाच आहे की उंचवटा? बरगड्या किती, आणि त्या बिजागरीपर्यंत पोचतात का? एवढं कळवा, मग नाव तुम्हीच मला सांगाल."

तिने मोजलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटाटे उकडेपर्यंत, शिवणाची टेप आणि स्टाशचं वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन मोजलं. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे शिंपले कोणते आणि पोट फुगलेले कोणते, हे तिला कळू लागलं. शिंगासारखं वाकडं प्रवाळ आणि नुसतं झिजलेलं ढेकूळ यांतला फरक अंगठ्याला कळू लागला. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी ओढ्यातले भोकाचे दगडी मणी दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. ते मणी म्हणजे समुद्रकमळाच्या देठाचे तुकडे, आणि समुद्रकमळ हे दिसायला फूल असलं तरी जनावर, हेही कळलं. कोळसा ठेवायच्या तळघरात अंड्यांच्या पुठ्ठ्यांत सगळं लावलेलं होतं. प्रत्येक वस्तूची वहीत नोंद होती: तारीख, पाऊल कितवं, पाण्यापासून किती उंच, कोणत्या थरात. पुष्कळ नोंदी अर्ध्यावर तुटलेल्या आहेत. तिथे घंटा वाजली होती.

क्लारा तळघरात एकदा डोकावली. म्हणाली, "नवरा वर खुर्चीत कुजतोय आणि बाईसाहेब खाली मेलेल्या गोगलगाईंना अंड्यांवर बसवतायत."

"अंडी उबली तर पहिलं पिल्लू तुम्हाला देईन," रेजिना म्हणाली.

तेरा वर्षं अशी गेली. मंडळातली माणसं तीन राज्यांतले ओढे, खाणी, रस्त्यासाठी फोडलेले डोंगर पालथे घालत होती. टीग पत्रातून त्यांच्या सहलींची वर्णनं कळवत, आणि ती पत्रं रेजिना दोनदा वाचायची नाही. तिच्याकडे तेवढाच काठ होता, आणि तो तिने इतक्यांदा सोलला होता की कोणत्या बोटाएवढ्या थरात काय निघेल हे तिने डोळे मिटून सांगितलं असतं. काही काही दुपारी तिला तो काठ पाहवत नसे. तेच खडक, तोच पुलाचा खांब. खांबाला हात लावून ती उभी राही आणि पुढचं वळण बघे. एकदा ती वळणापर्यंत गेली. शंभर पावलं असतील फार तर. परत आली तेव्हा स्टाश अंथरुणात भिजलेला होता आणि घंटा जमिनीवर पडली होती. तिने चादर बदलली. पुन्हा ती खांबाच्या पुढे गेली नाही.

१९६९च्या ऑगस्टमध्ये, एका ढगाळ दुपारी, एकशे चौसष्टाव्या पावलापाशी, पाण्यापासून गुडघाभर उंच असलेल्या करड्या थरातला एक पापुद्रा तिने सुरीने उचलला आणि खाली तारा दिसला, समुद्रातल्या तारामाशासारखा. ताटलीएवढा. मध्ये गोल तोंड आणि चहूबाजूंनी निमुळत्या होत गेलेल्या भुजा, कडेला बारीक काटे. तिने एकदा मोजल्या. मग दुसऱ्या बाजूने मोजल्या. तेरा.

असं काही तिने ना काठावर पाहिलं होतं, ना पुस्तकात. सुरीचं टोक तिने बाजूला घेतलं. श्वास लागून तो उडून जाईल असं वाटून ती थोडी मागे सरकली. आणि घंटा वाजली.

तिने ओल्या गोणपाटाने ती जागा झाकली, वर दोन दगड ठेवले आणि घरी आली. आभाळ भरून आलंय, खिडकी लाव, एवढंच होतं. खिडकी लागेतो पावसाला सुरुवात झाली. तो साधा पाऊस नव्हता. घरामागे पाण्याचा आवाज चढत गेला. गुडघाभर उंची म्हणजे अशा पावसात अर्ध्या तासाची गोष्ट.

"मी पाच मिनिटांत येते," ती म्हणाली.

"विजा होतायत. बस इथे."

"स्टाश, खाली काहीतरी राहिलंय माझं."

"बस म्हटलं ना." त्याने तिचं मनगट धरलं. त्याचे हात फार बळकट झाले होते. सगळं अंग तो हातांनीच ओढायचा. तो रागावला नव्हता. विजांची त्याला अलीकडे भीती वाटू लागली होती, आणि ते तो कबूल करणार नव्हता. दोन तास ती त्याच्या खुर्चीशेजारी बसून राहिली, मनगट त्याच्या मुठीत, कान ओढ्याकडे.

सकाळी त्याची न्याहारी होताच ती धावली. उतारावरून आलेल्या पावसाच्या लोटाने गोणपाट ओढून नेलं होतं. पाण्याने आणून टाकलेल्या काटक्यांची रेघ ताऱ्याच्या वीतभर खाली होती. तारा जागच्या जागी होता. शेल वाळला की तडकतो, म्हणून तिने ओल्या फडक्यांत ठेवून सहा दुपारी खपून, चारही बाजूंनी सुरी घालून ताऱ्यासकट दगडाची पाटी सोडवली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वर आणली आणि पातळ केलेला गोंद हलक्या हाताने लावला.

चित्र काढून तिने टीगना पाठवलं. उत्तर आलं: फार सुंदर चित्र, पण हा तारा नव्हे. चिरडलेलं समुद्रकमळ आहे, देठ तुटून गेलेला. असे तारे या भागात सापडत नाहीत.

तिने त्याच दिवशी लिहायला घेतलं. "मिस्टर टीग, समुद्रकमळं मी आजवर चारशे सहा मोजली आहेत, सगळी याच काठावरची. प्रत्येकाची भुजा बोटाच्या पेराएवढी वर गेली की दुभंगते. याच्या तेरांपैकी एकही दुभंगलेली नाही. देठ तुटला म्हणता, पण देठ बसायला वाटीच नाही. मध्ये तोंड आहे. नाव मला ठाऊक नाही. नाव शेवटी, असं तुम्हीच म्हणाला होता."

तीन आठवडे काही आलं नाही. मग आलं ते हिरव्या शाईतलं लांबलचक पत्र. तिचं पत्र आणि चित्र घेऊन टीग शहरातल्या संग्रहालयात गेले होते. तिथल्या जीवाश्म विभागाच्या प्रमुख, डॉ. इमोजेन रस्क, यांना ती पाटी आणि वही दोन्ही बघायची होती. टीग मोटार घेऊन येऊन पाटी नेऊ शकत होते; तिला तसदी नको. रेजिनाने एका ओळीचं उत्तर लिहिलं: पाटी मी स्वतः आणीन, ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी.

पत्र पेटीत टाकल्यावर तिला धडकी भरली. पंधरा वर्षांत ती गावाची वेस ओलांडून गेली नव्हती. क्लाराला विचारायला तिने दोन दिवस घेतले. क्लारा आधी म्हणाली की या वयात म्युझियममध्ये ठेवायची वस्तू तूच आहेस, आणि मग येते म्हणाली. स्टाशला तिने आदल्या आठवड्यात, कोबीच्या सूपाची तयारी करताना, पाठमोरं राहूनच सांगितलं.

"सकाळच्या बसने जाईन, संध्याकाळच्या बसने परत. क्लारा दिवसभर आहे."

"नाही."

"विचारत नाहीये, स्टाश. सांगतेय."

त्याचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे दोघांनाही माहीत होतं. मग तो साध्या आवाजात म्हणाला, "क्लीव्हलंडला निघताना सांगणार होतीस का?"

तिची सुरी कोबीत थांबली.

"बटणांच्या डब्यात, तळाच्या कागदाखाली होतं," तो म्हणाला. "त्या रविवारी सकाळी कोटाचं बटण शोधत होतो. मंगळवारचं तिकीट. एकटीचं."

"पंधरा वर्षं तुला माहीत होतं."

"त्या दिवशी डब्यांमध्ये उभा होतो तेव्हा डोळ्यांपुढे तेच होतं. इंजिनवाल्याला थांबण्यासाठी हात दाखवायचा राहून गेला."

ती वळली. तो तिच्याकडे बघत नव्हता. मांडीवरच्या घंटेकडे बघत होता.

"घरी आल्यावर पहिल्यांदा ही वाजवली ना, रेनिया, तेव्हा मला काही नको होतं. येतेस का ते बघायचं होतं."

"आणि नंतर?"

"नंतरही बऱ्याचदा तेच."

"मी आले. दर वेळी."

"आलीस. पण ऐकू येत होती म्हणून आलीस. शहरात कुठे ऐकू येणार?"

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तू हे मला आज सांगतोस, पंधरा वर्षं पोटात ठेवून आज. आणि तेही मी एक दिवस मागितला म्हणून. पण इंजिनवाल्याला न दाखवलेला तो हात आडवा येत होता. तिने उरलेला कोबी चिरला. सूप चुलीवर ठेवलं.

गुरुवारी ती गेली. पाटी मांडीवर, वही पिशवीत. दोन तास बसच्या खिडकीतून द्राक्षांचे मळे मागे जात होते, तोडणी नुकती संपलेली, आणि ती त्यांतलं काही बघत नव्हती. मी ते तिकीट दुसरीकडे लपवलं असतं तर हा माणूस चालला असता का? हा प्रश्न ती सोडवून सोडवून पुन्हा गुंडाळत होती.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर एक ठेंगणा, कानाला यंत्र लावलेला म्हातारा टोपी हातात घेऊन उभा होता. इतकी वर्षं पत्रांवरून ज्यांना ती उंच समजत होती ते टीग हेच. डॉ. रस्क यांनी पाटी उलगडली, भिंगाचा दिवा ओढला आणि भुजा एकेक करून मोजल्या. मग त्यांनी एका खणातून दोन तुकडे आणून शेजारी ठेवले. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एका खाणीत सापडलेले, एकावर पाच भुजा, दुसऱ्यावर चार. ती खाण आता घरांखाली गेली होती. काटे तेच, निमुळतेपण तेच. म्हणजे ताऱ्याला नाव आधीपासून होतं. पण त्याला भुजा किती आणि तोंड कसं, हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझं चुकलं, मिसेस स्लोविक," टीग म्हणाले. "चाळीस ओढे फिरलो मी. पण एका जागी इतकी वर्षं कुणी बसलंच नाही."

"मी बसले नव्हते, मिस्टर टीग," रेजिना म्हणाली. "मला बसवलं होतं."

टीगनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. डॉ. रस्क यांनी वही मागितली, आणि त्या करड्या थरात आणखी काय काय निघतं ते विचारलं. रेजिना सांगू लागली. वरच्या बोटभर थरात शिंपले उलटे पडलेले असतात, खालच्यात सुलटे. ट्रायलोबाइट वळलेले मिळतात ते ताऱ्याच्या थराच्या लगेच खाली, आणि तिथे कधी कोवळी पिल्लंही असतात. ती किती वेळ बोलत होती ते तिला कळलं नाही. कुणी मध्ये थांबवलं नाही. मधेच तिचीच तिला जाणीव होऊन ती गप्प झाली आणि घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती.

पाटी तिने संग्रहालयाला द्यायची ठरवली. तळघरात ती वाळून तडकली असती. मदतनीस बाईने चिठ्ठी टंकून आणली. नाव, थर, गाव, आणि शोधणारी व्यक्ती: मिसेस स्टॅन्ली स्लोविक.

"हे नको," रेजिना म्हणाली. "रेजिना लिहा."

बाई म्हणाली की विवाहित स्त्रियांचं असंच लिहायची पद्धत आहे.

"माझा नवरा त्या ओढ्यात कधी उतरला नाही." डॉ. रस्क यांनी चिठ्ठी घेतली, फाडली, आणि दुसरी टंकायला सांगितली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा क्लारा कोट घालून दारातच होती. दिवसभरात भावाने घास खाल्ला नव्हता. स्टाश खिडकीशी होता.

"आलीस," तो म्हणाला.

"आले." तिने सूप गरम केलं. वाढताना म्हणाली, "दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जाणार आहे. संग्रहालयातले खण लावायला त्यांना माणूस हवंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला घंटा वाजली, आणि नंतर आणखी सात वर्षं वाजत राहिली. महिन्यातला एक दिवस तिला मिळाला, आणि त्या एका दिवशी तो उपाशी राहून तिचा घास कडू करत राहिला. तिकिटाचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. त्याची गरज नव्हती. काठावर बसलेली असताना, सुरी चालवताना, तो न दाखवलेला हात रोज तिच्यापुढे येई. आता घरातच नव्हे, ओढ्यावरसुद्धा तो हात तिला एकटीला सोडत नसे.

१९७७च्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने स्टाश गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी आणि डुकराच्या सॉसेजसाठी जमले होते. यार्डातला एक जुना मुकादम, कझिमिर गुला, तिच्याशेजारी येऊन बसला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला की बिचाऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याची चूक भोगली. त्या दिवशी इंजिनवाला शुद्धीवर नव्हता, पिऊन आला होता. तीन माणसांनी चौकशीत सांगितलं: स्टाशने हात दाखवला होता, चांगला दोनदा दाखवला होता. सगळ्यांना माहीत आहे हे. स्टाशलाही.

"त्याला कुणी सांगितलं?" रेजिनाने विचारलं.

"मीच. इस्पितळात, पहिल्याच महिन्यात. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली.

स्टाश जाणूनबुजून खोटं बोलला होता, की पंधरा वर्षं खुर्चीत बसून तेच खरं मानू लागला होता, ते त्याच्याबरोबर गेलं. रेजिनाने पुष्कळ विचार केला, आणि तिला त्याचा ना राग पुरता येईना, ना कीव. एवढं मात्र तिच्या ध्यानात आलं की मुकादम चार घरं पलीकडे राहत होता आणि तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धैर्यच झालं नव्हतं, कारण आपण दोषी आहोत असंच ती आधीपासून धरून चालली होती.

त्या उन्हाळ्यात टीग भाचीच्या मोटारीने येऊन तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ओढ्यावर घेऊन गेले. पन्नास मैल लांब. ती एक्कावन्न वर्षांची होती. पहिल्या खेपेला ती मोटारीपासून हलली नाही. दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसली आणि ऊन लागतंय म्हणाली. दुसऱ्या खेपेला पाण्यापर्यंत गेली, पण मोटार नजरेआड होणार नाही इतकीच. टीग सँडविच खात बसले.

तिसऱ्या खेपेला सप्टेंबर लागला होता. टीगना उन्हात डुलकी लागली. जागे होऊन बघतात तर बाई कुठे नाही. ते काठी टेकत टेकत वळणं ओलांडत गेले, आणि पाऊण मैलावर, एका उंच काळ्या कड्याखाली, ती बूट काढून पाण्यात पाय सोडून बसलेली सापडली. इथला शेल वेगळा होता, तेलकट काळा, आणि त्यातलं काही म्हणता काही तिच्या ओळखीचं नव्हतं. मांडीवर पसरलेल्या रुमालात सात-आठ तुकडे होते.

"हे काय आहे?" तिने एक उचलून विचारलं.

"मोजलंत का?"

"नाही," रेजिना म्हणाली. "आज तुम्हीच सांगा."

टीग खडकावर बसले, चष्मा पुसला आणि एकेक करून नावं सांगू लागले.